नवा कॉकाटील (तुरा असलेला छोटा पोपट) हात पाहताच फिस्कारतो, काय करावं?

प्रश्न: तीन महिन्यांचं पिल्लू आणून चार दिवस झाले. पिंजऱ्यात हात घातला की कोपऱ्यात जातं, फिस्कारतं. खातं, पण आम्ही दूर गेल्यावरच. घाई होतेय का?

प्रतिसाद १: हो, घाईच. आठवडाभर दाणा-पाणी बदलण्यापुरताच हात आत जाऊ द्या. पिंजरा भिंतीला टेकवून छातीच्या उंचीवर ठेवा, म्हणजे पाठीमागून कुणी येणार नाही. दुकानातलाच दाणा चालू ठेवा. मग राळ्याचं कणीस जाळीतून लांब धरा आणि स्थिर राहा. तुरा डोक्याला चिकटला किंवा फिस्कारला, तर हात दोन वीत मागे. रोज दोनदा, पाच-पाच मिनिटं पुरे. जाळीतून बिनधास्त खाऊ लागला की दार उघडून तेच. पकडून कुरवाळू नका, आठवड्याची कमाई एका मिनिटात जाते.

प्रतिसाद २: बोटावर घेताना बोट पायांच्या किंचित वर, पोटाला हलकं टेकवा, तो आपोआप चढतो. कुरवाळायचं फक्त डोकं आणि मान.

प्रतिसाद ३: रात्री मंद दिवा ठेवा. कॉकाटील अंधारात दचकून फडफडतात, पिसं मोडतात. बाहेर काढण्याआधी पंखा बंद. नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्याच्या धुराने पक्षी मिनिटांत मरतो, म्हणून स्वयंपाकघरापासून दूरच ठेवा. रोज सकाळी वजन करा. दहा टक्के घटलं तर त्याच दिवशी पक्ष्यांचा डॉक्टर गाठा.