धुऱ्यावरच्या बाभळीला कोळ्यांचं गाव बसलंय, राहू द्यावं का?

धुऱ्यावरची, गंगाखेड तालुका

नमस्कार. इथं पहिल्यांदाच लिहितेय, जरा लांबेल.

आमच्या वावराच्या पूर्वेच्या धुऱ्यावर एक वाकडी बाभळ आहे. अलीकडं तूर, पलीकडं कापूस. दिवाळीच्या आधी तिच्या खालच्या फांदीला मळक्या कापसाचा गोळा दिसला. वाटलं वेचणीतला कापूस वाऱ्यानं उडून काट्यात गुंतला असेल, म्हणून काढायला हात घातला. तो बोटाला चिकटला आणि आतून एकदम दहा-बारा कोळी दाराशी आले.

दारच म्हणायचं त्याला. नारळाएवढा गोळा आहे, त्याला चार-पाच भोकं. बाभळीचा वाळला पाला, मुंग्यांची डोकी, भुंग्यांचे पंख, सगळं त्यातच विणलंय. गोळ्यापासून काट्या-काट्याला धरून एक मोठं जाळं थेट तुरीच्या शेंड्यापर्यंत आलंय. सकाळी दव पडलं की ते वाळत घातलेल्या धोतरासारखं दिसतं. कोळी राखाडी, अंगावर पांढुरकी लव, पोट तुरीच्या दाण्याएवढं.

मला लहानपणापासून या जिवांची ओढ आहे. माहेरी सेलूकडं मिरगाचा पाऊस झाला की लाल मखमली किडे ओंजळीत घेऊन बसायचे. एकदा त्याचे पाय मोजले तर आठ भरले. गुरुजी म्हणाले, किड्याला सहाच असतात. मी दुसरा किडा आणून त्यांच्यासमोर पुन्हा मोजले. ते गप्प बसले आणि मलाही कुणी काही सांगितलं नाही. पुष्कळ वर्षांनी कळलं की तो किडा नव्हेच, कोळी-गोचिडाच्या कुळातला आहे. त्या दिवशी मी फार खूश होते.

तर आता रोज संध्याकाळी गुरांचं झालं की मी बाभळीखाली बसते. परवा एक नाकतोडा त्या जाळ्यात पडला. पाय झाडायला लागला तशा पाच-सहा जणी भोकांतून धावल्या. नाकतोडा थांबला की त्याही जागच्या जागी थांबत, तो हलला की पुन्हा धावत. एकीनं मागचा पाय धरला, दुसरीनं दुसरा, एक मिशीला लोंबकळली. त्यांच्या चौपट-पाचपट मोठा प्राणी सगळ्यांनी मिळून ओढत दाराकडं नेला, आणि एकमेकींशी भांडण नाही की काही नाही. माझी भाकर टाकायची राहिली त्या दिवशी.

अडचण अशी की आमचे मामा (सासरे) म्हणतात, उन्हाळ्यात धुरा पेटवायचाच आहे, तर ते आत्ताच काठीनं ओढून टाकू. वेचणीच्या बायाही त्या बाजूची पात धरायला तयार नाहीत. त्यातल्या एकीच्या मानेवर पावसाळ्यात फोड उठले होते, तेव्हा सगळे म्हणाले कोळी मुतला. मामा वाईट माणूस नाहीत, पण बायांच्या अंगाला काही झालं तर जबाबदारी त्यांची, हेही खरंच आहे.

हे कोळी कोणते? माणसाला, गुरांना, तुरीला यांच्यापासून धोका आहे का? मला ते राहायला हवेत. पण मामांना सांगायला नुसतं ‘मला आवडतात’ पुरणार नाही.

जुना कृषी सहायक, वसमत

ताई, अगदी बारकाईनं पाहिलंत. त्यामुळं फोटो नसला तरी ओळखता येतं. हे सामाजिक कोळी. शास्त्रीय नाव स्टेगोडायफस सारासिनोरम. कार्श नावाच्या जर्मन अभ्यासकानं १८९२ साली हे नाव दिलं. आपल्या कोरडवाहू भागात बाभूळ, बोर, तारेचं कुंपण, कुठंही सापडतात.

कोळी एरवी एकलकोंडा. दोन कोळी एका जागी आले तर बहुधा एकच उरतो. जगात कोळ्यांच्या ५०,००० हून जास्त जाती नोंदल्या गेल्यात, त्यांतल्या अशा जन्मभर एकत्र नांदणाऱ्या जाती दोन-अडीच डझनच असतील. तुमच्या बाभळीवर त्यांतली एक आहे.

तुम्ही ‘पाच-सहा जणी’ लिहिलंत ते बरोबरच आहे. या वस्तीत माद्याच फार, नर थोडे आणि थोड्या दिवसांचे. शिकार हलली की जाळ्यातून जो कंप येतो त्यावर त्या धावतात. कंप थांबला की त्यांना दिशा कळत नाही, म्हणून थांबतात.

बोटाला चिकटलं म्हणालात, पण त्या धाग्यावर डिंक नसतो. पायांच्या चौथ्या जोडीवर बारीक केसांची फणी असते, तिनं ही मादी धागा पिंजते. पिंजलेल्या तंतूंत किड्याचे पाय अडकतात. तुम्हाला कापूस वाटला यात नवल नाही.

आणि एक गोष्ट सांगतो, मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो. पिल्लं अंड्यातून बाहेर आली की आई आपल्या पोटातलं अन्न ओकून त्यांना भरवते. मग तिच्या शरीराचा आतला भाग हळूहळू विरघळायला लागतो, आणि शेवटी पिल्लं तिलाच खाऊन वाढतात. ती प्रतिकार करत नाही. जाळं मात्र मागं राहतं, मुलींना आयतं मिळतं, त्या त्यातच पुढं विणत राहतात.

धोक्याचं म्हणाल तर माणसांना आणि गुरांना यांच्यापासून भय नाही. तुरीचं पान ते खात नाहीत. शेंगा पोखरणाऱ्या अळीचे पतंग रात्री उडतात, त्यांतले काही इथं अडकतील. पण मामांना ‘यांच्यामुळं फवारणी वाचेल’ असं सांगू नका, ते खरं होणार नाही. एका गोळ्यानं एकराचं रक्षण होत नसतं, आणि कधीमधी मधमाशीही त्यात सापडते. कापसाच्या बाजूनं फांदी आडवी येत असेल तर संध्याकाळ व्हायच्या आत, सगळ्या आत असताना, अख्खी फांदी कापा आणि धुऱ्याच्या दुसऱ्या टोकाला बोरीत अडकवा. नवं जाळं त्या विणतील.

औशाची सिस्टर

मी आरोग्य केंद्रात काम करते. ‘कोळी मुतला’ म्हणून दर पावसाळ्यात पेशंट येतात, त्याबद्दल लिहिते.

त्यातला बराच प्रकार एका छोट्या भुंग्याचा असतो. मुंगीसारखा लांबट, नारिंगी-काळे पट्टे, पंख अगदी आखूड. पावसाळ्यात बल्बभोवती येतो. तो चावत नाही, मुतत तर नाहीच. अंगावर बसला आणि आपण झोपेत चिरडला की त्याच्या अंगातलं पेडेरिन नावाचं रसायन कातडीला लागतं. लगेच काही कळत नाही. दुसऱ्या दिवशी आग होते आणि जिथवर हात फिरला तिथवर रेघेसारखे फोड उठतात. कधी ती नागीणही असते. कोळ्याचा दोन्हीशी संबंध नाही. असा भुंगा अंगावर दिसला तर फुंकर मारून उडवायचा, चिरडायचा नाही, आणि ती जागा साबण-पाण्यानं धुवायची. त्या बाईंना विचारा, फोड रेघेत होते का?

ताई, एक काळजीपोटी सांगते. अंधारात बाभळीखाली बसता तर चप्पल नको, बूट घाला, आणि टॉर्च आधी जमिनीवर मारा. आपल्याकडं लाल विंचू आहे. नांगी लागली, घाम सुटला, हातपाय गार पडले तर उतारा-मंत्र करत बसू नका, थेट दवाखाना गाठा. मूळचे जालना जिल्ह्यातले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडला राहून विंचूदंशावर प्राझोसिनचा उपचार रुजवला, त्यानं कितीतरी जीव वाचलेत. विंचवावरही माझा राग नाही. आमच्या क्वार्टरच्या मागं एक मादी पाहिली होती, पाठीवर पांढरी पिल्लं घेऊन चाललेली, एकावर एक रचल्यासारखी. मी खराटा बाजूला ठेवला होता.

नाथांच्या गावचा

ताई, आमच्या पैठणला कोळी हा गुरू आहे. अवधूतानं चोवीस गुरू केले, त्यांत पतंग आहे, मधमाशी आहे, कोळी आहे आणि शेवटी कुंभारीण माशी. नाथ महाराजांच्या भागवतात हे सगळं येतं. ते पैठणला सुरू झालं आणि काशीत १५७३ साली पूर्ण झालं. कोळी आपल्यातूनच धागा काढतो, त्यावर खेळतो आणि पुन्हा गिळतो, तसा देव जग करतो आणि आवरतो, असा तो दृष्टांत. धागा पोटाच्या मागच्या टोकातून येतो, तोंडातून नाही. पण गिळण्याचं अगदी खरं आहे. आमच्या तुळशीजवळ गोल जाळं करणारी एक आहे, ती पहाटे जुनं जाळं गोळा करून खाते, हे मी रोज बघतो.

कुंभारणीचं मात्र उलट निघालं. कीर्तनात ऐकलं होतं की ती अळीला मातीच्या घरात कोंडते आणि अळी तिचंच ध्यान करत तिच्यासारखी होते. खिडकी पुसताना माझ्या हातून एक मडकुलं फुटलं. आत पाच हिरव्या अळ्या, जिवंत पण लुळ्या, आणि वरून बारीक धाग्यानं टांगलेलं एक अंडं. त्या अळ्या म्हणजे तिच्या लेकराची शिदोरी. मी ते तुकडे तसेच जुळवून ठेवले, पण दुसऱ्या दिवशी मुंग्या लागल्या. अजून वाईट वाटतं. वय ७१ आहे, आता खिडकी पुसताना आधी कोपरे बघतो. जुन्या लोकांनी मडकं बंद होताना पाहिलं आणि माशी निघताना पाहिली, मधलं आत दडलेलं राहिलं. पण एवढं बसून पाहिलं कुणीतरी, याचंच मला अप्रूप आहे.

तुतीवाला, गेवराई

ताई, माझा तर धंदाच रेशमाच्या अळ्यांचा. १५० अंडीपुंजांची (एका पाकोळीची अंडी म्हणजे एक पुंज) बॅच घेतो. पाचव्या अवस्थेत, म्हणजे कोष करायच्या आधी, पाला पुरवता पुरवता रात्र-दिवस कळत नाही. एक सांगतो, तंबाखूचा हात लागला तर रेशीम अळी मरते. मी सोळाव्या वर्षापासून तंबाखू खात होतो. आईनं सांगून, बायकोनं रडून सुटली नव्हती. पहिल्या बॅचला एक अख्खा रॅक माझ्या हातानं गेला. अळ्या डोकं मागं टाकून हिरवं ओकत होत्या. त्या रात्री पुडी उकिरड्यावर फेकली, चार वर्षं झाली.

दुसरी बॅच शेजारच्या फवारणीनं गेली. वारा आमच्या तुतीकडं होता, कुणी सांगितलं नाही. म्हणून तुम्हाला सांगतो, धुरा पेटवू नका हे जितकं बोलाल तितकंच तुरीवर फवारा मारताना वारा कुठला आहे हेही मामांना बघायला लावा. ते कोळी आगीनं जातील तसे फवाऱ्यानंही जातील.

कोष उकळतात तेव्हा आतला जीव जातो, हे मला माहीत आहे. त्यावर काय बोलावं ते मला अजून सुचलेलं नाही. प्रत्येक बॅचचे दहा-पंधरा कोष मी ठेवतो. पाकोळ्या निघतात, त्यांना तोंड असून खाता येत नाही, उडताही येत नाही. लेकरांच्या हातावर बसतात.

धुऱ्यावरची, गंगाखेड तालुका

सगळ्यांचे आभार. सिस्टर, विचारलं. फोड रेघेतच होते, आणि ती अंगणात बल्बखाली झोपली होती. तिनं स्वतः बाकीच्या बायांना सांगितलं, त्यामुळं माझ्यापेक्षा जास्त पटलं. काल तिघींनी ती पात धरली. बूट घातलेत.

मामांना परवा दिवेलागणीला घेऊन गेले. काका, तुम्ही म्हणालात तसं फायद्याचं काही बोलले नाही. नुसतं बसवलं. अंधार पडला तशा त्या एकेक करून बाहेर आल्या आणि दिवसभरात वाऱ्यानं फाटलेल्या जागा सांधायला लागल्या. मामांच्या टॉर्चच्या उजेडात एकीचा मागचा पाय सारखा पुढं-मागं चाललेला दिसत होता. मामा म्हणाले, ‘पिंजतीय की गं.’ मग आईच्या मरणाची गोष्ट सांगितली. ते काही बोलले नाहीत. घरी येताना एवढंच म्हणाले की त्या बाजूचा धुरा यंदा पेटवायचा नाही, विळ्यानं साफ करू. फवारणीचं अजून बोलायचंय, तूर फुलावर आहे म्हणून घाई आहे त्यांना. उद्या सकाळी वारा पडलेला असताना विषय काढते.

फांदी हलवायची गरज पडली नाही. लेकाला रविवारी नेणार आहे. तो आत्तापासूनच डबीत नाकतोडे धरून ठेवायला लागलाय त्यांना टाकायला. मी सोडून द्यायला लावले. त्यांचं त्यांना धरू दे.