इंजिनिअरिंग करून मेडिकल: जीपीए कुठे मोजतात तेही बघा
अमेरिकेत प्री-मेड (मेडिकलला जायची तयारी) हा काही मेजर (पदवीचा मुख्य विषय) नाही, कुठूनही बायोमेडिकल इंजिनिअरिंग करा नि मग मेडिकलला अर्ज करा असं बरेच जण सांगतात, ते खरंय पण अर्धंच. अ‍ॅमकॅसमधून (तिथल्या मेडिकल कॉलेजांसाठीची सामायिक अर्जसेवा) अर्ज भरताना बायो, केमिस्ट्री, फिजिक्स, मॅथ्सचा जीपीए (ग्रेड्सची सरासरी) वेगळा काढतात, इंजिनिअरिंगचे कोर्स त्यात सहसा धरत नाहीत, एकूण जीपीएमध्ये मात्र येतात, म्हणजे थर्मोडायनॅमिक्समध्ये आपटलात तर ते दिसणारच. आणि हे कोणी सांगतच नाही, हायस्कूलमध्ये असताना कम्युनिटी कॉलेजचे (दोन वर्षांचं स्थानिक कॉलेज) कोर्स केले असतील तर त्या ग्रेड्सही या जीपीएमध्ये मोजल्या जातात! आमच्या लेकीला हे फार उशिरा कळलं. जॉन्स हॉपकिन्स युनिव्हर्सिटीच्या बीएमईचा (बायोमेडिकल इंजिनिअरिंग) विचार असेल तर अर्जातच तसं लिहायला लागतं, युनिव्हर्सिटीत घेतलं तरी बीएमईत घेतीलच असं नाही, पर्ड्यू युनिव्हर्सिटीत मात्र पहिलं वर्ष सगळ्या इंजिनिअरिंगवाल्यांचं कॉमन असतं.