बारा हजार सातबाऱ्यावरच्यालाच का?

खटावचा वाटेकरी: परवा हप्ता पडला. मला नाही, मालकांना. ते वाशीला माथाडीत आहेत, त्यांचं तीन एकर रान मी निम्म्यानं करतो. त्यांचा फोन आला, "बाळा, दोन हजार आले बरं का!" तेव्हा मी ज्वारीत खुरपं घेऊन बसलो होतो. पीएम किसानचे वर्षाला ६,००० आणि राज्याच्या नमो शेतकरीचे ६,०००, दोन्ही सातबाऱ्यावर नाव असणाऱ्याला. बी-खत निम्मं-निम्मं, राबणूक सगळी माझी. पीक पाहणीचा फोटोसुद्धा रानात उभा राहून मीच काढतो, नोंद त्यांच्या नावावर. शेतीची मदत शेती करणाऱ्याला द्या, एवढंच म्हणणं आहे. मालकांशी वाकडं नाही, माणूस लाखात एक.

कृष्णाकाठ, वाळवा: दादा, तुमचं नाव कागदावर आलं की दुसऱ्या दिवशी रान काढून घेतील. कुळकायदा आठवा. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाला कसणारा मालक झाला, त्यात आमच्या आजोबांची सहा एकर गेली. तेव्हापासून घरात एकच शब्द: रान पडीक राहू दे, पण कागद करायचा नाही. तुमच्या भल्यासाठी काढलेला नियम तुमच्याच पोटावर येईल.

खटावचा वाटेकरी: म्हणजे आजोबांची भीती तुमची आणि भुर्दंड माझा?

आटपाडीकर: बारा हजारांवर काय भांडताय? खरं अनुदान कुणाच्या खात्यात दिसतच नाही. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांच्या वीजबिलातले ८१ टक्के सरकार भरतं, १९ टक्के शेतकरी. साडेसात एचपीपर्यंतच्या मोटारीला वीज माफ. युरियाचं ४५ किलोचं पोतं २६६ रुपये ५० पैशांना, वरचा बोजा सरकारवर. ज्याला पाणी, त्याचा ऊस. ज्याचा ऊस, त्याची पोती जास्त. कोरडवाहू बाजरीवाल्याला यातलं किती मिळतं? माझं स्पष्ट मत: हे कमी करा आणि तोच पैसा एकरी, पण पाच एकरांपर्यंतच वाटा.

कृष्णाकाठ, वाळवा: आमच्याकडे टेंभूचं पाणी नाही, आप्पा. गावानं पाणीपुरवठा संस्था काढली, पाइपलाइनचं कर्ज वडिलांनी उसाच्या बिलातून फेडलं. साडेसात एचपीपर्यंतच्या मोटारीची वीज माफ आहे, ते मान्य. पण आमचा ऊस दिसला की सगळ्यांना आम्हीच साखरसम्राट वाटतो.

जतची ताई: तुमचं चालू द्या. नवरा वारल्यावर आमचा पीएम किसानचा हप्ता बंद पडला. वारसनोंदीचा फेरफार, मग ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं. खुरपून-खुरपून अंगठा झिजलेला, मशीन घेईना. शेवटी पोरानं चेहरा दाखवून करून दिली. पण एक सांगते, सोसायटीच्या सचिवापुढं न बसता हातात येणारे एवढेच पैसे आहेत. ते एकरावर नेऊन ठेवलेत तर पुन्हा मोजणी, पुन्हा हेलपाटे. आहे ते राहू दे, वाटेकऱ्याचं वेगळं बघा.

आटपाडीकर: ताई, वेगळं बघायचं तरी नोंद लागणारच.

खटावचा वाटेकरी: हा धागा मालकांना पाठवला. लगेच फोन. म्हणाले, "हजार तुला पाठवू का?" मी नको म्हणालो. बायको तेव्हापासून बोलत नाही.