मदत हवी आहे : परतीचं भाडं आणि हॉल्टिंग (गाडी खोळंबली तर थांबण्याचे पैसे) कसं ठरवता?

नमस्कार मंडळी, माझी स्वतःची एकच मालगाडी (ट्रक) आहे, चालवतो पण मीच. शेतमालाच्या मोठ्या बाजारपेठेतून धान्य भरतो. सीझनला जाताना लोडची चिंता नसते, पण तिथून माल नुसता बाहेर जातो, आत येणारा कमी, त्यामुळे परतीला एजंट म्हणेल त्या रेटला भरा नाहीतर रिकामी आणा अशी गत आहे. रिकाम्या गाडीलाही टोल, टायर, हप्ता काही सुटत नाही, डिझेल तेवढं जरा कमी, म्हणून मी आता भाडं जाण्या-येण्याच्या सगळ्या किलोमीटरवर धरतो. तुम्ही कसं धरता?

खरा त्रास पुढेच आहे. गोदामाला गाड्यांची रांग, पाऊस आला की ताडपत्री काढता येत नाही, उतराई बंद, आणि शेवटी काट्यावर वजन थोडं कमी भरलं की सरळ बॅलन्समधून, म्हणजे उरलेल्या भाड्यातून कापतात! अहो धान्य वाळलं की वजन उतरणारच, ते गाडीवाल्याच्या माथी का? बिल्टीवर (मालासोबतच्या वाहतूक पावतीवर) पोचल्याची वेळ आणि भरतानाचा ओलावा लिहून घ्यायला लागलोय, पण मालवाली पार्टी सही करायला टाळते.

तर हॉल्टिंग किती तासांनी चालू आणि घट किती टक्के मान्य, हे भरायच्या आधी कोणी लेखी घेतं का? आणि परतीला खत, बियाणं, पशुखाद्य एजंटशिवाय थेट मिळवलंय का कुणी? कुणाला भेटायचं तेवढं सांगा.