गरम पाण्याची धार करंगळीएवढी. टाइल्स फोडायच्या का?

मंडळी, जरा मदत हवी आहे.

वाशीत सिडकोच्या जुन्या इमारतीत राहतो. चौथा मजला, डोक्यावर थेट गच्ची आणि सोसायटीची टाकी. महिनाभर झाला, बाथरूममध्ये गार पाणी नीट येतं, गरम मात्र करंगळीएवढं. घड्याळ लावून पाहिलं. 15 लिटरची बादली गार पाण्याने दीड मिनिटात भरते, गरमने सात मिनिटं. तेवढ्यात आईचं बाहेरून 'झालं का रे?' तीनदा होतं.

प्लंबरने भिंतीवर टकटक केली आणि निकाल दिला, "आतली जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) लाइन गंजून भरलीय, फोडून सीपीव्हीसी (गरम पाण्याचा प्लास्टिक पाइप) टाकू." 18 हजार, टाइल्स वेगळ्या. वीस वर्षांपूर्वीची ती निळी टाइल आता मिळणार कुठे?

म्हणून रविवारी स्वतःच पाना घेतला. नळाची जाळी काढली तर चिमूटभर तांबूस कण निघाले, पण धार तीच. मग गीझरचा एमसीबी पाडला, पाणी गार होऊ दिलं आणि लाल रिंगकडचा (गरम पाणी बाहेर येतं तो) पाइप सोडून खाली बादली धरली. तिथेही तीच करंगळी! म्हणजे भिंतीतली लाइन मध्ये नसतानाही पाणी कमीच. उलट निळ्या रिंगकडे (गार पाणी आत जातं तिथे), सेफ्टी व्हॉल्व्हच्या आधी पाइप सोडला तर धो धो. माझ्या हिशोबाने अडथळा व्हॉल्व्हमध्ये किंवा गीझरच्या पोटात आहे. बरोबर आहे ना?

प्लंबरबरोबरचा पोरगा म्हणत होता, "व्हॉल्व्हच काढून टाका, टाकी तीन मीटरवर, प्रेशर येतंय कुठे?" प्रेशरचं त्याचं खरं आहे, दहा मीटर उंचीला एक किलो प्रेशर धरलं तर आमच्याकडे जेमतेम पाव ते 0.3 किलो. पण पाणी उलटं जाऊ न देण्याचं कामही तोच व्हॉल्व्ह करतो. टाकी रिकामी झाली, खालच्यांनी नळ सोडले आणि गीझरमधलं पाणी उतरून कॉइल कोरडी तापली तर? शिवाय थर्मोस्टॅट अडकला तर वाफ सोडणारंही तेच. मला काही ते पटत नाही.

भर (रात्री): खाली कमेंटमध्ये एकांनी विचारलंय, टँकरच्या पाण्याने गीझरमध्ये क्षार साचला असेल का, टँकर घेतले होते का? हो, मोरबे धरणाचं पाणी कमी पडलं तेव्हा मे महिन्यात आठवडाभर टँकर घेतले होते, त्यातलं पाणी खारट लागत होतं.

व्हॉल्व्ह उघडला. स्प्रिंगला टेफ्लॉन टेपची तीन इंची दोरी गुंडाळलेली, बहुधा गीझर बसवतानाची. काढून, धुऊन, परत बसवला. आता बादली चार मिनिटांत.

उरलेली अडीच मिनिटं कुठे अडकलीत? व्हॉल्व्ह नवाच घेऊ, की गीझर खोलून आतला क्षार काढून घेऊ? कमी प्रेशरला चालेल असा व्हॉल्व्ह कुणी बसवलाय का?