मदत हवी आहे: नवीन डांबरी रस्ता, एकाच पावसात खडी सुटली

नमस्कार मंडळी, आमच्या वाडीचा रस्ता (रत्नागिरी जिल्हा) मार्चमध्ये नवीन कारपेट टाकून झाला, दिसायला एकदम मस्त होता, पण जूनपासून पाऊस लागला आणि गणपतीपर्यंत चढावावर खड्डेच खड्डे. आता पाऊस थांबून तीन दिवस झाले, सगळा रस्ता सुकलाय पण चढाच्या खालच्या अंगाला अजून ओले डाग आहेत आणि गाडी गेली की भेगेतून गढूळ पाणी वर येतं. मी खड्ड्याच्या कडेचा एक तुकडा उचलून बघितला, वरून डांबर व्यवस्थित काळं आणि खालची खडी मात्र धुऊन ठेवल्यासारखी स्वच्छ, डांबराचा मागमूस नाही! पाणी वरून मुरतंय की वरच्या अंगाच्या शेतातून खालून येतंय? गटार नाहीच, आणि साईडपट्टी रस्त्यापेक्षा उंच आहे. ठेकेदार म्हणतो सीलकोट (वरून डांबराचा पातळ थर) मारून देतो. मारू द्यायचा का? ग्रामसभेत नक्की काय मागू? आजारी माणसाला न्यायला हा एकच रस्ता आहे हो.

उत्तर:
ताई, सीलकोट आत्ता अजिबात नको, आत पाणी आहे ते कोंडेल आणि चाकाच्या दाबाने तेच पाणी खडीवरचं डांबर सोलत राहील. तुमच्या तुकड्यात तेच झालंय, खालून वर सोलत येतं म्हणून वरून कळत नाही. मी साईटवर बारा वर्षं आहे, बहुतेक वेळा डांबर कमी नसतं, दाबाई कमी असते. प्लांट लांब, डंपर घाटातून येईपर्यंत माल थंड, मग रोलर कितीही फिरवा, बसत नाही. दाबलेल्या थरात हवेच्या पोकळ्या साधारण 8 टक्क्यांच्या वर राहिल्या की त्या एकमेकींना जोडल्या जातात आणि पाणी आरपार जायला लागतं, 5-6 टक्केच असल्या तर तेवढं जात नाही. म्हणून कोअर (रस्त्यातून कापून काढलेला गोल नमुना) काढून घनता तपासायला सांगा, चढावावरचा आणि सपाटीवरचा वेगवेगळा, आणि माल टाकला तेव्हाच्या तापमानाची नोंदवही मागा. ओलं-सुकं ताकदीचं गुणोत्तर पण विचारा, म्हणजे भिजवलेल्या नमुन्याची ताकद सुक्याच्या किती टक्के उरते ते, 80 टक्के तरी हवं. पण आधी वरच्या अंगाला चर खणून घ्या आणि साईडपट्टी खाली उतरवा, ते नाही झालं तर नवीन थर पण पुढच्या पावसात असाच जाईल. सुटलेला भाग काढून, खालचं सुकवून मगच पॅच करायचा, जानेवारीच्या आधी नको. कोअरचे आकडे आले की इथे टाका, मी बघतो.