टीव्ही शोवरचे बोर्ड गेम: गणपतीत बाबांसोबत खेळता येईल असा कोणता?

वर्तकनगरची_लेक
नमस्कार मंडळी. ठाण्याला वर्तकनगरमधे राहते. आमच्याकडे पाच दिवसांचा गणपती असतो, नेरूळहून आत्या आणि तिची मुलं येतात, ऐरोलीचा काका सहकुटुंब येतो, म्हणजे रात्री जागायला दहा-अकरा जण तरी असतातच, सगळ्यात लहान नऊ वर्षांचा आणि सगळ्यात मोठे माझे बाबा, वय ७३. पूर्वी पत्ते व्हायचे, बदाम सात, मेंढीकोट, पहाटेपर्यंत आरडाओरडा. आता आरती झाली की जो तो मोबाईल घेऊन कोपऱ्यात आणि बाबा टीव्हीसमोर.

बाबांना दोन वर्षांपासून कमी ऐकू येतं. कानात मशीन आहे पण चार जण एकदम बोलायला लागले की त्यांना काही कळत नाही, मग ते हळूहळू गप्प होतात आणि उठून जातात. ते बघून मला फार वाईट वाटतं. फक्त केबीसी लागलं की पूर्वीचे बाबा दिसतात कारण प्रश्न आणि चारही पर्याय स्क्रीनवर लिहून येतात. २००० साली सुरू झालं तेव्हापासून बघतायत, त्याच वर्षी हर्षवर्धन नवाथे एक कोटी जिंकला तेव्हा मी सातवीत होते आणि आमच्या घरी आपलाच कोणीतरी जिंकल्यासारखे पेढे आणले होते बाबांनी.

म्हणून वाटलं टीव्ही शोवरचाच बोर्ड गेम आणावा. मागच्या वर्षी एका क्विझ शोच्या नावाचा खोका आणला होता, पुठ्ठा पातळ, प्रश्न जुने, आणि दुसऱ्या रात्रीपर्यंत मुलांना अर्धी कार्डं पाठ झाली, संपला खेळ. ऑनलाईन बघितलं तर फ्रेंड्स, गेम ऑफ थ्रोन्स, स्ट्रेंजर थिंग्ज, सगळ्यांचे गेम आहेत. यातले खरंच खेळण्यासारखे कोणते? किंमत थोडी जास्त असली तरी चालेल पण घेतला तर पाचही रात्री खेळला गेला पाहिजे.

फासे_आणि_सोंगट्या (सीवूड्स)
ताई, आधी एक सांगतो, तुम्ही जी नावं लिहिलीत त्या तिन्ही शोंच्या नावाने मोनोपॉली निघालेली आहे. म्हणजे पट तोच, भाडं तेच, फक्त जागांची नावं आणि चित्रं बदललेली. आपण सुट्टीत जो नवा व्यापार खेळायचो तोच खेळ वेगळ्या कपड्यात. ज्याला शो आवडतो त्याला पहिल्या दिवशी मजा येते आणि मग व्यापारच खेळत बसतो आपण, त्यात एखाद्याचं दिवाळं लवकर निघालं की तो तासभर नुसता बसून. दहा जणांत तर नकोच.

माझ्या मते टीव्हीवरचा गेम चांगला कधी, तर शो बघताना जे वाटतं ते खेळताना वाटलं पाहिजे. याचं मला माहीत असलेलं सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे बॅटलस्टार गॅलॅक्टिका, २००८ चा गेम, कोरी कोनिएचकाने बनवलेला. त्याच नावाच्या टीव्ही मालिकेत माणसांसारखेच दिसणारे यंत्रमानव जहाजावर लपलेले असतात आणि आपल्यातला कोण हे कोणालाच माहीत नसतं. गेममधे सुरुवातीलाच प्रत्येकाला एक गुप्त कार्ड मिळतं, तू माणूस की सायलॉन, म्हणजे तो लपलेला यंत्रमानव. इंधन, अन्न, मनोबल, लोकसंख्या यातलं एक जरी शून्यावर आलं तर माणसं हरली. संकट आलं की प्रत्येकजण मदतीची पत्तं पालथी टाकतो, त्यात गठ्ठ्यातली दोन पत्तं आणखी मिसळतात आणि मग सगळी पिसतात, त्यामुळे वाईट पत्तं निघालं तरी ते कोणी टाकलं की गठ्ठ्यातूनच आलं हे कळत नाही. आणि कमाल म्हणजे अर्ध्या खेळात गुप्त कार्डं परत वाटतात, म्हणजे तासभर इमानदारीने लढलेला माणूस अचानक सायलॉन निघतो, आणि हे त्याला स्वतःलाच तेव्हा कळतं! मी पहिल्यांदा खेळलो तेव्हा शेजारी बसलेल्या सख्ख्या भावावर माझा विश्वास उरला नव्हता.

पण हा गेम तुमच्यासाठी नाही, खरं सांगतो. तीन ते सहा जणांचा आहे, तीन तास लागतात, सगळं इंग्रजीत, आणि आता छापणं बंद झालंय. त्याच पद्धतीचा अनफॅदमेबल २०२१ मधे आला पण त्यात ती मालिका नाही, समुद्रातल्या जहाजाची गोष्ट आहे. आणि गेम ऑफ थ्रोन्सचा जो मोठा गाजलेला गेम आहे तो पुस्तकांवरून २००३ मधे आला, मालिका २०११ ची, त्यामुळे मालिका डोक्यात ठेवून घेतला तर फसायला होतं. ठाण्यात काय किंवा इकडे नवी मुंबईत काय, बोर्ड गेम कॅफे आहेत, महाग खोका घ्यायच्या आधी तिथे एकदा बसून खेळून बघा एवढंच सांगेन.

खारघरची_मावशी
मी तर म्हणते खोका विकतच घेऊ नका. २०२५ मधे करण जोहरचं द ट्रेटर्स आलं ना प्राईमवर, ते लपलेले गद्दार शोधायचं, आमच्याकडे नवरात्रात सगळ्या भाचरांनी तेच घरी खेळलं, पत्त्यांच्या एका कॅटवर. मूळ खेळ जुनाच आहे, माफिया म्हणतात, १९८० च्या दशकात मॉस्को विद्यापीठात मानसशास्त्र शिकणाऱ्या दिमित्री डेव्हिडॉफने काढलेला, म्हणजे इथे टीव्हीवरून खेळ नाही तर खेळावरून टीव्ही झालाय.

जितकी माणसं तितकी पत्तं घ्या, त्यात दोन राजे, बाकी साधी. वाटा. राजा आला तो गद्दार. एकजण सूत्रधार. सूत्रधार म्हणाला रात्र झाली की सगळे डोळे मिटणार, मग फक्त गद्दार डोळे उघडून खुणेने एकाला बाद करणार, सकाळ झाली की कोण गेलं ते सांगायचं आणि मग चर्चा, आरोप, मतदान. अकरा जणांत दोन गद्दार बरोबर बसतात. एक डाव वीस-पंचवीस मिनिटात होतो आणि नऊ वर्षांचं पोर इतकं सफाईने खोटं बोलतं की बघत राहावं. जागरणाला याच्यासारखं काही नाही.

नौपाडा_जुनी_चाळ
मावशी, खेळ उत्तम आहे पण ताईच्या बाबांचा विचार करा. माझ्या आईला पण कमी ऐकू यायचं. त्या खेळात सगळा जीव चर्चेत आहे, सहा जण एकदम बोलणार, डोळे मिटलेले असताना सूत्रधाराचा आवाज ऐकू आला पाहिजे, म्हणजे डोळे कधी उघडायचे हेसुद्धा काकांना कळणार नाही. त्यांना जे झेपत नाही नेमकं तेच.

ताई, उत्तर तुझ्याच प्रश्नात आहे असं मला वाटतं. केबीसी त्यांना जमतं कारण ते लिहिलेलं असतं आणि एका वेळी एकच माणूस बोलतो. मग घरीच केबीसी करा. प्रश्न संपतात, पाठ होतात ही अडचण सगळ्याच क्विझ गेमची आहे, जेपर्डी हे क्विझ अमेरिकेत टीव्हीवर १९६४ ला सुरू झालं तेव्हा मिल्टन ब्रॅडली या खेळ बनवणाऱ्या कंपनीने लगेच घरी खेळायचा संच काढला आणि मग नव्या प्रश्नांच्या आवृत्त्या काढत राहावं लागलं त्यांना. तुमच्या घरात तर प्रश्न काढणारा माणूस बसलाय. काकांना स्पर्धक नका करू, प्रश्न त्यांना काढू दे. गणपतीला अजून महिना आहे. हॉटसीटसमोर तेच बसतील, प्रश्न त्यांच्याच हातात असल्यामुळे ऐकायचं फक्त एक अक्षर, ए बी सी किंवा डी, आणि ते पण स्पर्धकाने कार्ड दाखवून सांगायचं.

आम्ही आईसाठी असंच केलं होतं. पांढरा बोर्ड शाळेच्या वस्तूंच्या दुकानात मिळतो, त्यावर प्रश्न मोठ्या अक्षरात. पहिल्या सीझनची शिडी घ्या, १००० पासून सुरू, पाचव्या प्रश्नाला १०,०००, दहाव्याला ३,२०,०००, पंधराव्याला एक कोटी. पाच आणि दहा हे पडाव, तिथवर पोचलं की तेवढे पैसे पक्के. नोटा नवा व्यापारच्या डब्यातल्या वापरा, मोठ्या रकमांचे चेक मुलांना बनवू द्या, ते रंगवण्यात त्यांचा एक दिवस जातो. ऑडियन्स पोलला सगळ्यांनी एकदम कार्डं वर करायची, मोजायचं काम काकांचं. फोन अ फ्रेंडला खरंच फोन लावायचा पण व्हॉट्सॲपवर लिहून उत्तर मागवायचं, टीव्हीवर ३० सेकंद असायचे, तुम्ही दोन मिनिटं द्या. आमचा मामा नाशिकला होता, तो त्या पाच दिवसांत रात्री फोन हातात घेऊनच बसायचा.

एक काळजी घ्या, पहिले पाच प्रश्न नऊ वर्षांच्या मुलालाही यावेत आणि मधले निदान तीन-चार घरातले असावेत. आजीचं माहेरचं नाव काय, आत्याचं लग्न कुठल्या हॉलमधे झालं, असे. त्या प्रश्नांनंतर गोष्टी निघतात, आणि तेव्हा खेळ थांबला तर थांबू द्यावा.

फासे_आणि_सोंगट्या (सीवूड्स)
हे माझ्या सगळ्या खोक्यांपेक्षा भारी आहे. ताई, ए बी सी डी ची कार्डं चार वेगळ्या रंगांची करा, लांबून पटकन मोजता येतात.

वर्तकनगरची_लेक
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बाबांना तुमचा मजकूर वाचायला दिला. काही बोलले नाहीत, चष्मा लावून परत एकदा वाचला. आज सकाळी मी ऑफिसला निघाले तर मागच्या वर्षीची कोरी डायरी घेऊन बसलेले, संध्याकाळपर्यंत अकरा प्रश्न झालेत. सहावा असा आहे, १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला जी पहिली गाडी आली तिला किती इंजिनं होती. मला वाटलं एक, पण तीन होती, साहिब, सिंध आणि सुलतान. मी चुकल्यावर इतके खूष झाले की आईला हाक मारून सांगितलं.

आता त्यांचं म्हणणं आहे की पाच रात्री म्हणजे निदान दहा जण हॉटसीटवर येणार, मग दीडशे प्रश्न लागतील, आणि घरातले प्रश्न त्यांना एकट्याला सुचणार नाहीत म्हणून आत्याला नेरूळला जाऊन विचारायचंय. रविवारी ठाणे-नेरूळ लोकलने नेते त्यांना. मावशी, माफिया पण खेळू आम्ही, बाबा झोपल्यावर. चाळवाले दादा, बोर्ड किती मोठा घेतला होता तुम्ही? हॉलमधे गणपतीच्या समोर ठेवला तर सोफ्यावरून वाचता यायला हवं.